दुसऱ्या गावाचा फॉर्म

पहाटे ४:५०

साताऱ्यात करंजे पेठेतली एक भाड्याची खोली. गजर एकदाच वाजतो. ती उठते आणि आधी चार्जर बघते. टॅब शंभर टक्के, पॉवर बँकचे चारही दिवे लागलेले. मग गॅस पेटवते. चार चपात्या, रात्रीच निवडून ठेवलेला घेवडा, शेंगदाण्याची चटणी. पिशवीत टॅब, ओळखपत्र, स्कार्फ, टोपी, दोन लिटर पाणी. टॅब बंद पडला तर हाताशी असावेत म्हणून दहा कोरे कागदी फॉर्म. आणि दोनशे पानी वही.

दिवसा ती एका संस्थेसाठी घरोघरी सर्वेक्षण करते. दिवसाचे ७०० रुपये, प्रवासाचे १२० वेगळे. रोज सहा फॉर्म झालेच पाहिजेत, कमी पडले की पैसे कापले जातात. रात्री ती बहिःस्थ एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यास करते. पेपर अर्थमितीचा, म्हणजे सरकारी योजनेचा खरा परिणाम किती झाला हे आकड्यांतून काढायच्या पद्धती. नाव छापायचं नाही, या अटीवर तिने मला दिवसभर बरोबर येऊ दिलं.

वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे. ‘योजना आली नसती तर काय झालं असतं?’

सकाळी ६:१०

सातारा स्टँड. वाईची लाल गाडी लागते. कंडक्टर तिला ओळखतो. अर्धं तिकीट, ३५ रुपये.

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. गाडीत आज बायका जास्त दिसतात. मी म्हणतो, योजनेचा परिणाम समोरच दिसतोय. ती मान हलवते. “कशावरून? आधी किती होत्या?”

आधीचा आकडा घ्यायचा तर कुठला घ्यायचा? २०२० ला कोरोना. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संप. त्या काळाशी तुलना केली तर सवलत नसती तरी गर्दी वाढलेलीच दिसणार. म्हणून पुरुषांकडेही बघायचं. कोरोना आणि संप दोघांनाही सारखेच लागले, सवलत मात्र फक्त बायकांना मिळाली. बायकांची संख्या किती वाढली, त्यातून पुरुषांची किती वाढली ते वजा करायचं. उरेल ते सवलतीचं. या पद्धतीला ती ‘फरकातला फरक’ म्हणते.

पण लगेच पुढचा प्रश्न तीच काढते. बायको अर्ध्या तिकिटात निघाली म्हणून नवऱ्यानेही मोटारसायकल घरी ठेवली, तर? मग पुरुषांचा आकडाही त्याच योजनेने हलला. ज्याच्याशी तुलना करायची तोच जागचा सरकला. हे ती वहीत लिहून ठेवते, गाडी हलत असल्यामुळे वेडंवाकडं.

लिंबखिंडीच्या पुढे एक आजोबा चढतात. आधार कार्ड दाखवतात, शून्य रुपयांचं तिकीट घेतात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत आहे. इथे दुसरी पद्धत लागू पडते. चौऱ्याहत्तर वर्षं अकरा महिन्यांचा माणूस आणि पंचाहत्तर वर्षं एक महिन्याचा माणूस, यांच्यात तसा काय फरक? गुडघे तेच, देवदर्शन तेच, लेकीचं गाव तेच. फरक फक्त तिकिटाचा. त्या रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे शेजारी शेजारी ठेवून बघायचे.

ती आजोबांना जन्मतारीख विचारते. एक जून. मागच्या बाकावरच्या आजींचीही एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांचं वय कागदावर एकाच दिवशी वाढतं, आणि खरं वय दोन-तीन वर्षं इकडे किंवा तिकडे असतं. “पुस्तकात रेषा सरळ असते. इथं रेषेवरच गर्दी आहे.” गर्दीतली ही माणसं ओळखल्याशिवाय हे गणित मांडू नये, असं तिचं मत आहे. मला ते पटतं.

सकाळी ७:२५

वाई. इथून गावाला एस.टी. थेट दहा वाजता. म्हणून वडाप. जीपमध्ये चौदा माणसं, माणशी ३० रुपये, सवलत नाही. तिकीट नाही म्हणून पावतीही नाही, संस्थेकडून हे पैसे मिळत नाहीत. १२० मध्येच बसवायचे.

याच वाई तालुक्यात धनंजयराव गाडगीळांच्या काळात पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने शेतीच्या धंद्याची पाहणी केली होती. तिचं पुस्तक १९४० साली निघालं. तेव्हाही कुणीतरी वही घेऊन या बांधांवरून फिरलं असणार. अहवालावर त्यांची नावं क्वचितच येतात.

सकाळी ८:१५

पहिलं घर. सारवलेलं अंगण, दारात हंडे. ८७ प्रश्न, साधारण चाळीस मिनिटं. विषय पिण्याचं पाणी. नळ आहे का, किती दिवसांआड येतं, उन्हाळ्यात कुठून आणता, कोण आणतं, किती वेळ लागतो.

“वेळ काय, लागतो अर्धा तास,” बाई सांगतात.

ती टॅबवर अर्धा तास टाकत नाही. “चला, मी पण येते.” मोबाईलवर घड्याळ लावते. उतार, मग गोठ्याला वळसा, मग सार्वजनिक विहीर. विहिरीवर दोघी आधीच आहेत. रांग, दोर, बादली, पुन्हा चढ. बाईंच्या डोक्यावर दोन हंडे, एक तिच्या कमरेवर. एकवीस मिनिटं. घरी आल्यावर बाटलीने मोजून हंड्यातलं पाणी बघते. चौदा लिटर.

रोज सहा घरांत असं चालणं होत नाही, गावात दोन घरांपुरतंच करायचं असा नियम आहे. पण तो दोन्ही प्रकारच्या गावांत सारखाच पाळायचा. काही गावांत सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं, काहींत नाही. त्याने पाण्यात फरक पडतो का, हेच या सर्वेक्षणात तपासायचं आहे. दोन्हीकडे बायका अर्धा तासच सांगत असतील, तर चूक दोन्हीकडे सारखी, वजाबाकीत ती निघून जाते. पण सर्वेक्षक एका गावात चालली आणि दुसऱ्या गावात बसून लिहिलं, तर तो फरक सर्वेक्षकाच्या पायांचा असतो, सरपंचांचा नव्हे. म्हणून प्रत्येकीला दोन्ही प्रकारची गावं समसमान वाटून दिली आहेत.

सकाळी १०:०५

तिसरं घर. दारात साठीचे काका. महिला राखीव नसलेलं हे गाव, नळाची नवी लाइन अजून या आळीत आलेली नाही.

“आमास्नी काय मिळालं न्हाई. मग आमास्नी कशापायी इचारता? ज्यास्नी मिळालं त्यास्नी इचारा जा.”

असं रोज एक तरी दार भेटतं, ती म्हणते. वाद घालायचा नाही. ओळखपत्र दाखवते, उन्हात उभी राहते. “काका, मिळालेल्यांचंच लिहून नेलं तर वर म्हणतील सगळं झकास चाललंय. तुमच्याकडे काय आहे ते कुणी लिहायचं?” काका काही बोलत नाहीत. आत जातात. परत येतात ते पाण्याचा तांब्या घेऊन. फॉर्म होतो. पन्नास मिनिटं लागतात, कारण काकांना बरंच सांगायचं असतं.

दिवसभरात मी पाहिलेलं सगळ्यात अवघड काम हे होतं.

सकाळी ११:३०

ग्रामपंचायत कार्यालय. ग्रामसेवकांकडून दोन गोष्टी हव्या आहेत. गेल्या पाच वर्षांत पाण्यावर झालेला खर्च, आणि सरपंचपदाचं मागच्या तीन वेळचं आरक्षण. रजिस्टर कपाटात, किल्ली शिपायाकडे, शिपाई तालुक्याला. वीस मिनिटं बसावं लागतं.

तेवढ्यात ती मला सोडतीचं महत्त्व समजावते. तहसील कार्यालयात गावांच्या चिठ्ठ्या टाकतात. शाळेतल्या एखाद्या लहान मुलीला बोलावून चिठ्ठी काढायला लावतात. कुठल्या गावात बाई सरपंच होणार हे त्या मुलीच्या हाताने ठरतं. गाव श्रीमंत, गाव शिकलेलं, गाव आमदाराचं लाडकं, यातलं काही त्या हाताला माहीत नसतं. एरवी ज्या गावाने आपणहून बाईला निवडलं ते गाव आधीच वेगळं असतं. मग पाणी सुधारलं ते सरपंचबाईंमुळे की त्या गावाच्या आधीच्या वळणामुळे, सांगता येत नाही. सोडतीने तो गुंता सुटतो.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांत हेच पाहिलं. निबंध २००४ चा. राखीव पंचायतींत दोन्हीकडे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. रस्ते मात्र बीरभूममध्ये वाढले आणि उदयपूरमध्ये कमी झाले. तिथल्या बायकांच्या तक्रारीही तशाच वेगवेगळ्या होत्या. आपल्या मुंबईवरचाही एक अभ्यास तिला तोंडपाठ आहे. महापालिकेचे जे प्रभाग १९९७ ला महिलांसाठी राखीव होते, ते २००२ ला खुले झाले. रिखिल भावनानी यांनी पाहिलं, तर अशा प्रभागांतून बाई निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट निघाली. आरक्षण उठलं, बाई टिकली.

“पण सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात नसतात,” ती म्हणते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, सर्वसाधारण, प्रत्येकाचं आरक्षण वेगळं ठरतं आणि फिरत राहतं. म्हणून तुलना एकाच डब्यातल्या गावांची करायची. त्यासाठी हे जुनं रजिस्टर हवं. शिपाई येतो. रजिस्टरची दोन पानं उंदरांनी खाल्लेली. एका वेळचं आरक्षण तिला तालुक्याला जाऊन शोधावं लागणार. तो दिवस बिनपगारी.

दुपारी १:१०

गावाबाहेर पाझर तलावाच्या कडेला करंजाखाली डबा उघडतो. गुरं घेऊन आलेले एक म्हातारबाबा शेजारी टेकतात. हा तलाव बहात्तरच्या दुष्काळात खणला, ते सांगतात. त्यांनी आणि त्यांच्या आईने इथे माती उचलली होती.

ती चपाती हातात धरून ऐकत राहते. मग मला म्हणते, हे पुस्तकात पाहिजे. देशाचा रोजगार हमी कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये आधी २०० जिल्ह्यांत आला, २००७ ला १३० जिल्ह्यांत, एप्रिल २००८ मध्ये उरलेल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत. सातारा शेवटच्या टप्प्यातला. संशोधकांनी या टप्प्यांचा उपयोग केला. आधी मिळालेले जिल्हे आणि नंतर मिळालेले जिल्हे, मजुरीत काय फरक पडला ते पाहिलं. एक अडचण सगळ्यांना माहीत होती, पहिले २०० जिल्हे चिठ्ठीने नव्हे, मागासलेपणावरून निवडलेले होते. दुसरी अडचण महाराष्ट्रापुरती. इथे रोजगार हमी सत्तरच्या दशकापासूनच होती, १९७९ पासून तर राज्याचा कायदाच लागू होता. म्हणजे ‘योजना नसलेला’ म्हणून साताऱ्याला तुलनेला उभं केलं, तर त्या साताऱ्यात हमीच्या कामाची सवय पंचवीस-तीस वर्षांची.

म्हातारबाबांना यातलं काही नको असतं. ते चटणी मागून घेतात.

दुपारी २:२०

दोन घरांना कुलूप. एक कुटुंब नवी मुंबईला, मालक मार्केटमध्ये माथाडी. दुसरं शेतात. शेजारचं घर उघडं आहे, बाई बोलायला तयार आहेत, सहावा फॉर्म तिथेच उरकता येईल. आणि सहाव्या फॉर्मवर तिचे पैसे अडलेत.

ती तो करत नाही. यादीत आलेलं घर बदलायचं नाही. दुपारी जे घर उघडं सापडतं ते वेगळं असतं. तिथे म्हातारी माणसं असतात, किंवा शेत नसतं, किंवा नोकरदार असतात. उघडी घरंच भरत गेलं तर गाव कागदावर बदलून जातं. शेतातल्या कुटुंबाकडे चालत जायचं ठरतं. सव्वा किलोमीटर, बांधावरून, एप्रिलचं ऊन. सोयाबीन निघून गेल्यावर पेरलेला गहूही निघालाय, रान मोकळं आहे, सावली नाही. चपलेचा अंगठा तुटतो. सेफ्टी पिन लावून पुढे.

फॉर्म विहिरीच्या धक्क्यावर बसून होतो. माथाडीच्या घरावर ‘बंद, पुन्हा भेट’ अशी नोंद.

दुपारी ४:३०

सहा झाले. रेंज येईल अशा जागी, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर, फॉर्म वर चढवते. सुपरवायझरचा फोन. “ताई, तिसऱ्या फॉर्मला पन्नास मिनिटं कशी?” काकांचं सांगते. उद्या दुसरी मुलगी येऊन सहापैकी एका घरात दहा प्रश्न पुन्हा विचारेल. उत्तरं जुळली नाहीत तर जाब द्यावा लागेल. ही फेरतपासणी तिला आवडते. कुणीतरी आपलं काम वाचतंय, असं तिला वाटतं.

संध्याकाळी ५:१५ ते ८

वडाप, वाई, एस.टी., सातारा. गाडीत झोप. चांभाराकडे चप्पल, २० रुपये. भाजी ४० रुपये. आजचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर: जाण्यायेण्याचे १३०, चप्पल २०, भाजी ४०, दुपारचा चहा १०.

रात्री ९:००

लॅपटॉप जुना, १४,००० रुपयांना घेतलेला. ‘आर’ नावाची प्रणाली फुकट मिळते, म्हणूनच हे शिकणं परवडतं. पण आधी वही. सरांचा नियम आहे, यंत्राआधी हाताने करायचं.

आजचं उदाहरण डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांचं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १ एप्रिल १९९२ ला किमान मजुरी ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ केली. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ती तशीच राहिली. दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची ४१० बर्गर-फ्राइजची दुकानं फोनवरून गाठली, वाढीच्या आधी आणि नंतर. दुकानामागे सरासरी किती माणसं कामावर आहेत?

ती चार घरांचा तक्ता आखते. न्यू जर्सी आधी २०.४४, नंतर २१.०३. पेनसिल्व्हेनिया आधी २३.३३, नंतर २१.१७. पहिल्यात ०.५९ ची वाढ. दुसऱ्यात २.१६ ची घट. फरकातला फरक २.७५. छापील निबंधात २.७६ आहे. ती पुन्हा वजाबाकी करते. पुन्हा २.७५. मग लक्षात येतं, छापलेले आकडे दोन दशांशांवर आणलेले आहेत, शेवटचा एक त्यातच गेला. समासात तसं लिहिते आणि पुढे जाते.

नुसतं न्यू जर्सी पाहिलं असतं तर जवळपास काहीच बदललेलं दिसलं नसतं. पेनसिल्व्हेनियात किमान मजुरी बदललीच नव्हती, पण न्यू जर्सीचा अर्थ तिथल्या दुकानदारांच्या उत्तरांमुळे कळला. पुढे डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी दुकानांच्या पगारपत्रकांवरून वेगळं उत्तर काढलं, कार्ड-क्रूगर यांनी सरकारी नोंदी घेऊन पुन्हा तपासलं. वाद सूत्रावर जितका होता तितकाच आकडा कसा गोळा केला यावर होता. हे वाचताना ती सरळ होऊन बसते. हा तिचा प्रांत.

रात्री १०:१५

आता सरावाची फाईल. ४० गावं, प्रत्येकी १२ घरं, ४८० ओळी. आदेश टाइप करते. पडद्यावर परिणामाच्या पुढे तीन तारे येतात, म्हणजे खरा परिणाम नसता तर एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता फार कमी. तिचा चेहरा उजळतो.

मग ती दुसरा आदेश देते. चिठ्ठी घरावर पडलेली नाही, गावावर पडलेली आहे. एकाच गावातल्या बारा घरांची विहीर एक, सरपंच एक, दुष्काळही एकच. त्यांची उत्तरं एकमेकांसारखीच येणार. म्हणून पुरावा ४८० घरांचा धरायचा नाही, ४० गावांचा धरायचा. गावानुसार गट करून यंत्र पुन्हा हिशेब करतं. परिणाम तितकाच राहतो, तारे तिन्ही जातात.

बर्ट्रां, डुफ्लो आणि मुल्लइनाथन यांनी २००४ मध्ये हाच धोका दाखवला होता. त्यांनी अमेरिकेतल्या राज्यांना कधीच न झालेले, मनाने ठरवलेले कायदे लावून पाहिले. नेहमीच्या पद्धतीने हिशेब केला तर त्या खोट्या कायद्यांचाही ‘परिणाम’ पाच टक्क्यांच्या कसोटीवर ४५ टक्क्यांपर्यंत वेळा सापडत होता.

ती थोडा वेळ गप्प बसते. चारशे ऐंशी फॉर्म म्हणजे काय, हे तिच्या पायांना माहीत आहे. दिवसाला सहा धरले तर एकटीला ऐंशी दिवस. मग वहीत लिहिते: ‘घरं वाढवून उपयोग थोडा. गावं वाढवा.’ गावं वाढवायची म्हणजे वडापचे पैसे वाढणार.

रात्री ११:१०

शेवटचं पान मेक्सिकोचं. १९९७ साली तिथे गरीब कुटुंबांना पैसे देण्याची योजना सुरू झाली, मुलं शाळेत गेली आणि दवाखान्यात तपासून आणली तर. सगळ्यांना एकदम पुरेल इतका पैसा नव्हता. ५०६ गावं अभ्यासाला घेतली. चिठ्ठीने ३२० गावांना आधी दिलं, १८६ गावांना नंतर. थांबलेल्या १८६ गावांतल्या लोकांनीही दर फेरीला उत्तरं दिली. शाळेतली हजेरी योजनेमुळे वाढली, असं छातीठोकपणे सांगता आलं ते त्यांच्यामुळे.

ती लॅपटॉप मिटते, टॅब चार्जिंगला लावते. उद्या दुसरं गाव, राखीव.

तुमच्या दारात अशी कुणी ओळखपत्र गळ्यात घालून आली, आणि तुम्हाला कुठल्याच योजनेतलं काही मिळालेलं नसेल, तर तिला परत पाठवू नका. चाळीस मिनिटं द्या. तुमचं उत्तर नसेल तर ज्यांना मिळालं त्यांच्या उत्तराला काही अर्थ लागत नाही.